गृहारोग्य : जपावें, पण जखडूं नये

जन्मभर सोबत करणारें दुखणें घेऊन एखादें मूल घरांत जन्मास आलें म्हणजे त्या घराची दोन प्रकारें परीक्षा होते. दुखण्याशीं झुंजावयाचें कसें, ही पहिली. त्या दुखण्याविषयीं घरांतलीं माणसें आपसांत काय बोलतात, परक्यांपासून काय लपवितात आणि दोष कोणाच्या माथीं ठेवितात, ही दुसरी. पहिल्या परीक्षेंत वैद्यकशास्त्राचें साह्य आज पूर्वीपेक्षां पुष्कळ मिळतें. दुसरी मात्र घरानें आपल्याच बळावर द्यावयाची असते. आणि चार पुस्तकें वाचलेलीं, एरवीं विचारी म्हणविणारीं आपलीं कुटुंबेंहि तींत पुष्कळदां कमी पडतात, असें म्हणणें आम्हांस भाग आहे.

एकत्र कुटुंबांत मूल एकट्या आईबापांच्या हाताखालीं वाढत नाहीं. आजी, आजोबा, काका, काकू, आत्या, चुलत भावंडें ह्या सर्वांचा त्याच्यावर हक्क असतो आणि सर्वांचा सल्लाहि असतो. ह्यासाठीं अशा दुखण्याची माहिती सगळ्या घराला असावयास पाहिजे. ह्या महिन्यांत आम्हीं हीमोफिलिया ह्या आनुवंशिक दुखण्याचा विचार करण्याचें योजिलें आहे. त्यावरून जें शिकतां येईल तें अशा इतर जन्मजात दुखण्यांनाहि बरेचसें लागू पडेल.

सुरीनें बोट कापलें तर आपण तें दाबून धरतों, आणि थोड्याच वेळांत रक्त थांबतें. ह्या साध्या दिसणाऱ्या घटनेंत रक्तांतील कितीतरी द्रव्यें एकामागून एक कामास लागतात. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोंचवाव्या, तसा हा प्रकार आहे. मधला एक माणूस गैरहजर असला कीं घागर तेथेंच अडते. ह्या द्रव्यांना ‘फॅक्टर’ म्हणतात व त्यांस क्रमांक दिलेले आहेत. आठव्या क्रमांकाचा फॅक्टर उणा असेल तर तो हीमोफिलिया ‘ए’, आणि नववा उणा असेल तर ‘बी’. पहिला प्रकार जन्मणाऱ्या सुमारें ५,००० मुलग्यांत एकास होतो. दुसरा त्याहून पुष्कळ विरळा. निरोगी माणसाच्या मानानें फॅक्टर शेंकडा १ हूनहि कमी असेल तर दुखणें तीव्र, १ ते ५ असेल तर मध्यम, आणि ५ ते ४० असेल तर सौम्य समजतात. सौम्य दुखणें असलेल्या गृहस्थास एखादी दाढ काढीपर्यंत किंवा शस्त्रक्रिया होईपर्यंत त्याचा पत्ताहि नसतो.

ह्या दुखण्याविषयीं एक समज सर्वत्र रूढ आहे. जरासें खरचटलें तरी असा मुलगा रक्त वाहून दगावतो, असें लोक मानतात. वस्तुतः लहानसहान ओरखडा बहुधा इतरांसारखाच थांबतो. खरें भय असतें तें बाहेरून न दिसणाऱ्या रक्तस्रावाचें. गुडघा, घोटा, कोपर ह्या सांध्यांत रक्त उतरतें, सांधा सुजून दगडासारखा होतो, आणि वेदना असह्य होतात. एकाच सांध्यांत असें वारंवार झालें कीं आंतील कूर्चा झिजते आणि पाय किंवा हात कायमचा आंखडतो. पूर्वीं ह्या मुलांना जें पंगुत्व येत असे तें बहुतेक ह्याच मार्गानें. मेंदूंत, घशांत किंवा पोटांत झालेला रक्तस्राव मात्र प्राणावर बेततो.

दुखण्याची पहिली खूण पुष्कळदां मूल रांगूं लागल्यावर दिसते. गुडघ्यांवर, कपाळावर, अगर कोणी काखेंत धरून उचललें तर तेथेंहि काळेनिळे डाग उठतात. ओठ किंवा जीभ चावली गेली तर रक्त तासन्‌तास पाझरत राहतें. अशा वेळीं ‘मुलाला कोणी मारलें’ असा संशय घरांतील सुनेवर किंवा मोलकरणीवर घेतला जातो. संशयापूर्वीं रक्ताची तपासणी व्हावी, एवढेंच आम्ही सुचवितों.

हें दुखणें नवें नाहीं. ज्यूंच्या तालमुद ग्रंथांत असा नियम आहे कीं, ज्या आईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्त वाहून वारले, तिच्या तिसऱ्या मुलाची सुंता करूं नये. म्हणजे दुखणें आईच्या बाजूनें येतें हें त्या काळच्या विद्वानांच्या ध्यानांत आलें होतें. १८०३ सालीं फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो ह्या डॉक्टरानें हें दुखणें पुरुषांना होतें व स्त्रिया तें पुढें पोंचवितात, असें एका कुटुंबाच्या वंशावळीवरून दाखविलें. परंतु सर्वांत प्रसिद्ध झालें तें इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचें घराणें.

व्हिक्टोरियाचा धाकटा मुलगा लिओपोल्ड १८५३ सालीं जन्मला. तो हीमोफिलियाचा रोगी होता, आणि आईनें त्याला डोळ्यांत तेल घालून जपलें. त्याला मात्र हें बंदिस्त जिणें नको होतें. हट्टानें त्यानें १८७२ सालीं ऑक्सफर्डला प्रवेश मिळविला, १८८२ सालीं लग्न केलें, आणि १८८४ सालीं फ्रान्समध्यें कान येथें पडल्याचें निमित्त होऊन वयाच्या तिसाव्या वर्षीं तो वारला. त्याला एक मुलगी व एक मुलगा. मुलगा ह्या दुखण्यापासून पूर्ण मुक्त होता. मुलगी ॲलिस स्वतः दीर्घायुषी झाली. परंतु तिचा मुलगा रूपर्ट ह्याला आजोबांचें दुखणें मिळालें, आणि १९२८ सालीं मोटारीच्या अपघातानंतर तो गेला. व्हिक्टोरियाच्याच एका नातीचा मुलगा म्हणजे रशियाचा युवराज ॲलेक्सी. त्याच्यामागें सदैव दोन खलाशी पहाऱ्याला असत. त्या घराण्याच्या अस्थींची तपासणी होऊन हा ‘बी’ प्रकारचा हीमोफिलिया होता असें २००९ सालीं सिद्ध झालें.

लिओपोल्डच्या घराण्यांत दुखण्याचा नियम जणूं आंखून दाखविला आहे. तो आपल्या घरांतील प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असावा. पुरुषाच्या पेशींत ‘एक्स’ नांवाचें रंगसूत्र एकच असतें, स्त्रीच्या पेशींत दोन. फॅक्टर ८ व ९ ह्यांची कृति ह्याच रंगसूत्रावर लिहिलेली असते. पुरुषाच्या एकुलत्या एका सूत्रांत बिघाड असला तर दुखणें प्रकट होतें. स्त्रीपाशीं दुसरें सूत्र असतें, त्यावर बहुधा निभावतें. अशा स्त्रीस वाहक म्हणतात. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलग्यास दुखणें असण्याचा संभव निम्मा, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याचा संभवहि निम्मा. पित्याला दुखणें असेल व माता वाहक नसेल, तर मुलगे सर्व निरोगी आणि मुली सर्व वाहक. पहिला मुलगा आजारी निघाला म्हणून दुसरा निरोगी निघेल, किंवा दुसराहि आजारीच निघेल, असा हिशेब येथें चालत नाहीं. प्रत्येक वेळीं फांसा नव्यानें पडतो.

आतां दोषाविषयीं. ‘आमच्या घराण्यांत असलें कांहीं नव्हतें, हें सुनेच्या माहेराहून आलें,’ हें वाक्य अशा घरांत उच्चारलें जातें, आणि त्यापुढें त्या सुनेचें जिणें काय होत असेल तें सांगावयास नको. ज्यांच्या तोंडून तें निघतें त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगूं इच्छितों. सुमारें एक-तृतीयांश रोग्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणासहि हें दुखणें झालेलें आढळत नाहीं. बिघाड त्याच पिढींत किंवा आईच्या पिढींत नव्यानें उत्पन्न झालेला असतो. आणि जेथें तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तेथेंहि, डोळ्यांचा रंग निवडतां येत नाहीं तसेंच आईच्या हातीं ह्यांतलें कांहीं नसतें. आजारी मुलाची रात्र रात्र शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीवर वरून अपराधाचें ओझें लादणें ह्याला धर्म म्हणतां येणार नाहीं, आणि शहाणपण तर नाहींच नाहीं. आईचें मन खचलें कीं मुलाची शुश्रूषाहि खचते.

ह्याच विषयाचा आणखी एक भाग पडद्याआड राहतो. वाहक स्त्रिया पूर्ण निरोगी असतात हा समज अर्धवट आहे. त्यांच्यांतील कित्येकींचा फॅक्टर इतका कमी असतो कीं मासिक पाळींत अतिशय रक्त जातें, बाळंतपणांत धोका संभवतो, दांत काढल्यावर रक्त थांबत नाहीं. घरांत मुलग्याला हें दुखणें असेल तर त्याच्या आईची, बहिणींची व मावश्यांची तपासणी झाली पाहिजे, आणि बाळंतपण जवळ येण्याच्या आधींच प्रसूतितज्ज्ञाला सर्व कळलें पाहिजे. ‘बायकांचें हें असावयाचेंच’ म्हणून जें पोटांत घातलें जातें, त्यांत पुष्कळदां उपचार करण्यासारखें कांहीं असतें.

विवाहाचा प्रश्न आपल्या समाजांत सर्वांत नाजूक. बहिणीचें लग्न जमावें म्हणून भावाचें दुखणें लपविण्याचा मोह होतो. तो आम्हांस समजतो. तरी त्याचें समर्थन आम्हांस करवत नाहीं. पत्रिका पाहतांना छत्तीस गुणांचा मेळ घालणारीं माणसें रक्ताच्या एका तपासणीला कां बिचकतात, हें कोडेंच आहे. जनुकांच्या तपासणीवरून बहीण वाहक आहे कीं नाहीं हें आज ठरवितां येतें, आणि ती वाहक नाहीं असें निघण्याचाहि संभव निम्मा असतो. वाहक असली तरी वराकडील मंडळींना आधीं सांगून केलेलें लग्न हें लपवून केलेल्या लग्नापेक्षां केव्हांहि अधिक टिकाऊ. आणि गर्भाची तपासणी लवकर करून घेण्याचा मार्गहि दांपत्यास मोकळा राहतो. मुंबईस परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय इम्यूनोहेमॅटॉलॉजी संस्थेंत अशा तपासण्यांचें काम होतें. ज्या घराण्यांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आहे, तेथें आणखी एक सावधगिरी हवी. मामा व भाचा दोघांनाहि हें दुखणें असेल तर मामाची मुलगी निश्चित वाहक असते, आणि भाच्याशीं तिचें लग्न झाल्यास होणाऱ्या मुलींनाहि प्रत्यक्ष दुखणें होऊं शकतें.

उपचारांची हकीकत धीर देणारी आहे, आणि तींत एक काळें पानहि आहे. १९५२ सालीं स्टीफन ख्रिसमस ह्या पांच वर्षांच्या मुलावरून ‘बी’ हा प्रकार वेगळा ओळखला गेला. म्हणून त्याला ख्रिसमसचें दुखणें असेंहि नांव पडलें. त्या काळीं रक्त किंवा प्लाझ्मा देण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. १९६४ सालीं अमेरिकेंत जूडिथ पूल ह्या विदुषीनें शोध लावला कीं, गोठविलेला प्लाझ्मा हळूहळू वितळविला असतां तळाशीं जो सांका राहतो त्यांत आठवा फॅक्टर भरपूर असतो. पुढें फॅक्टरची कोरडी पूड कुपींतून मिळूं लागली, आणि रोगी घरच्या घरीं स्वतः शिरेंत इंजेक्शन घेऊं लागले. परंतु ही पूड हजारों माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवीत. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तींतून एड्सचे विषाणू रोग्यांच्या अंगांत गेले. एकट्या अमेरिकेंत सुमारें निम्म्या रोग्यांस तो संसर्ग झाला. स्टीफन ख्रिसमसहि त्यालाच बळी पडला. इंग्लंडांत ह्या अनर्थाच्या चौकशीचा अहवाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर उष्णतेनें शुद्ध केलेले फॅक्टर आले, आणि १९९२ पासून मनुष्यरक्ताशिवाय प्रयोगशाळेंत बनविलेला आठवा फॅक्टर मिळूं लागला.

रक्तस्राव झाल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां तो होऊंच नये म्हणून ठराविक दिवशीं फॅक्टर द्यावा, ही पद्धति स्वीडनमध्यें १९५८ पासून सुरू झाली. आणि तिच्यामुळें मुलांचे सांधे शाबूत राहतात हें अनुभवास आलें. अलीकडे एमिसिझुमॅब हें औषध निघालें आहे. अमेरिकेंत त्याला २०१७ सालीं मान्यता मिळाली. गैरहजर आठव्या फॅक्टरच्या जागीं उभें राहून तें घागर पुढें देतें. तें कातडीखालीं टोंचतात, आणि आठवड्यानें, पंधरवड्यानें किंवा चार आठवड्यांनीं एकदां घेऊन भागतें. ज्या रोग्यांच्या शरीरांत बाहेरून दिलेल्या आठव्या फॅक्टरला विरोध उत्पन्न होतो, त्यांनाहि तें चालतें. बिघडलेल्या जनुकाच्या जागीं चांगलें जनुक देण्याच्या उपायांना युरोप-अमेरिकेंत २०२२ सालीं मान्यता मिळाली. आपल्या देशांत वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत ‘ए’ प्रकारच्या ५ रोग्यांवर असा प्रयोग यशस्वी झाल्याचें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. हे उपाय महाग आहेत व सर्वांच्या आटोक्यांत नाहींत. तरी वाट कोणत्या दिशेनें चालली आहे तें त्यांवरून दिसतें.

आपल्याकडे ह्या रोग्यांच्या वतीनें पहिली मोठी खटपट केली ती एका रोग्यानेंच. स्वतः हीमोफिलिया असलेल्या अशोक बहादुर वर्मा ह्यांनीं १९८३ सालीं दिल्लीस हीमोफिलिया फेडरेशन स्थापिलें. पुढें त्याच्या शाखा गांवोगांवीं निघाल्या. जागतिक संघटनाहि १९६३ सालीं फ्रँक श्नाबेल ह्या कॅनडांतील रोग्यानें उभारली, आणि त्याचा जन्मदिवस १७ एप्रिल हा १९८९ पासून जागतिक हीमोफिलिया दिन म्हणून पाळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत हीमोफिलिया, थॅलसीमिया व सिकलसेल ह्या तीनहि रक्तदोषांचा समावेश झाला आहे. महाराष्ट्रांत अनेक सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर विनामूल्य मिळतो. फेडरेशनच्या जवळच्या शाखेंत मुलाचें नांव नोंदविण्यांत कमीपणा मानूं नये. अडचणीच्या रात्रीं तीच ओळख कामास येते.

घरांतील वडील माणसांसाठीं थोडे व्यवहाराचे नियम देतों. मुलगा म्हणाला, ‘गुडघ्यांत कसेंसेंच होतें आहे,’ तर सूज दिसण्याची वाट पाहूं नये. रक्त उतरूं लागल्याची जाणीव त्याला सर्वांच्या आधीं होते. शाळा चुकविण्याचें सोंग म्हणून तें उडवून लावणाऱ्यांच्या हातून मोलाचे तास निसटतात. सुजलेला सांधा शेकणें, तेल लावून चोळणें किंवा हाडवैद्याकडून बसवून घेणें, ह्या तिन्ही गोष्टी वर्ज्य. आजीच्या हातांत माया कितीहि असली तरी येथें तिनें अपाय होतो. सांध्यास विश्रांति द्यावी, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा, पाय उंच ठेवावा, आणि फॅक्टर लवकर द्यावा. डोक्यास मार लागला तर मूल खेळतें आहे म्हणून थांबूं नये. तडक रुग्णालय गांठावें. अंग दुखलें म्हणून ॲस्पिरिन कधींहि देऊं नये. स्नायूंत खोल इंजेक्शन देऊं नये. रोगप्रतिबंधक लस चुकवूं नये, मात्र ती बारीक सुईनें कशी द्यावी तें डॉक्टरांस आधीं विचारावें. दांत रोज नीट घासावे, म्हणजे काढण्याची पाळी येणार नाहीं. मुलाचे कान टोंचण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुंज मात्र ह्या दुखण्याच्या नांवाखालीं पुढें ढकलण्याचें कारण नाहीं; वस्तऱ्याच्या लहानशा खरचटण्यानें अनर्थ होत नाहीं.

इतकें सांभाळल्यावर मुलाला घरांत बसवून ठेवण्याचें कारण उरत नाहीं. उलट बसवून ठेवण्यानेंच हानि होते. स्नायू दुबळे पडले कीं सांध्यांचा आधार जातो, आणि दुबळ्या सांध्यांत रक्त अधिक वेळां उतरतें. पोहणें, चालणें, योग्य तयारीनें सायकल चालविणें हे ह्या मुलांना हितकर व्यायाम आहेत. मुष्टियुद्ध, कबड्डी, कुस्ती असे धक्काबुक्कीचे खेळ तेवढे टाळावे. ॲलेक्स डाउसेट ह्या इंग्रज सायकलपटूस तीव्र स्वरूपाचा हीमोफिलिया ‘ए’ आहे. २०१४ च्या राष्ट्रकुल क्रीडांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें, आणि २ मे २०१५ रोजीं मँचेस्टर येथें एका तासांत ५२·९३७ किलोमीटर अंतर कापून जागतिक उच्चांक केला. अमेरिकेचा क्रिस बॉम्बार्डियर ‘बी’ प्रकारचा रोगी. २०१७ सालीं तो एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचला. प्रत्येक मुलानें हिमालय चढावा असें आम्ही म्हणत नाहीं. नियमित फॅक्टर घेऊन शरीर कोठवर जाऊं शकतें, तें मात्र ह्या दोघांनीं दाखविलें आहे. आपल्या मुलाला पर्वतीच्या पायऱ्या चढूं द्याव्या कीं नाहीं ह्याची चर्चा करणाऱ्या घरांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

शाळेंतील मुख्याध्यापकांस व वर्गशिक्षकांस दुखण्याचें नांव, अडचणीच्या वेळीं करावयाची पहिली गोष्ट आणि डॉक्टरांचा दूरध्वनि लिहून द्यावा. मुलाच्या खिशांतहि तशी चिठ्ठी असावी. दहा-बारा वर्षांचा झाला म्हणजे फॅक्टर मिसळण्याची व स्वतःच्या शिरेंत घेण्याची रीत त्याला शिकवावी. आईच्या हातून सुई स्वतःच्या हातीं घेणें हा अशा मुलाच्या आयुष्यांतील मोठा संस्कार होय. त्या दिवसापासून तो दुखण्याचा मालक होतो. शिक्षण आणि धंदा निवडतांना मात्र दूरदृष्टि ठेवावी. दिवसभर अवजड ओझें उचलण्याच्या कामापेक्षां बुद्धीचें व हातकसबाचें काम त्याला सोईचें. अशा मुलाचें शिक्षण अर्ध्यावर सोडविणें म्हणजे त्याची उपजीविकाच हिरावून घेणें होय.

बाकीच्या भावंडांकडेहि लक्ष असूं द्यावें. सर्व माया एकाच्या वांट्यास गेली तर दुसरीं मनांतल्या मनांत कुढतात, आणि ज्याच्या वांट्यास ती गेली तो हट्टी बनतो. आजारी मुलाला त्याच्या वाट्याचें काम सांगावें, चुकला तर रागेंहि भरावें. त्याच्याशीं दुखण्याविषयीं मोकळेपणानें बोलावें. वडील माणसें कुजबुजूं लागलीं कीं मुलें नसलेलें भय कल्पितात.

लिओपोल्डला प्रेमाची वाण नव्हती. उणीव होती ती उपायाची, आणि कांहीं अंशीं विश्वासाची. त्या काळीं जो उपाय राजवाड्यांत मिळत नव्हता तो आज सरकारी रुग्णालयांतून मिळतो. राहिला विश्वास. तो देणें न देणें मात्र सर्वस्वीं घराच्या हातीं आहे, आणि आमचीं वाचक-कुटुंबें तो देतील अशी आमची खात्री आहे.